बेळगावात छोटा धंदा उभा करायचा तर: माल, जागा, कागद, उधारी

गणपत गल्लीच्या तोंडाशी कोथिंबिरीची बुट्टी घेऊन बसणारी मावशी आणि रविवार पेठेतला पोत्यांच्या थप्प्या लावून बसलेला किराणा व्यापारी, या दोघांच्या धंद्याचा हिशेब शेवटी एकाच प्रश्नावर येतो: घातलेला पैसा किती दिवसांनी परत हातात आला? नवा माणूस विचारतो, "किती टक्के सुटतात?" जुना माणूस टक्क्यांचं फारसं बोलत नाही. मावशीचा पैसा रोज फिरतो म्हणून तिचं घर दोन-तीन हजारांच्या भांडवलावर चालतं. दोन लाखांचा माल फळीवर मांडून बसलेल्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा पैसा तीन महिने हलत नाही आणि तो भाडं भरताना रडतो. पुढे जे लिहिलं आहे ते बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात हातगाडी, बुट्टी किंवा छोटं दुकान टाकू पाहणाऱ्यासाठी आहे. पैशाचा हा फेरा कुठे अडतो आणि तो कसा मोकळा ठेवायचा, एवढंच त्यात पाहायचं आहे.

पहिलं काम: गिऱ्हाईक कुठून येतं ते बघा

माल ठरवण्याआधी आठवडाभर त्या जागेवर नुसतं उभं राहा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बेळगावचं गिऱ्हाईक एका गावचं नाही. महाराष्ट्रातल्या चंदगड-शिनोळीकडचा माणूस लग्नाचा बस्ता, भांडी, सोनं यासाठी इथे उतरतो आणि शेवटची गाडी गाठायची म्हणून चारनंतर घाईत असतो. खानापूरकडचा आठवड्याचा बाजार एकदम करतो. बैलहोंगल, सौंदत्तीकडचं गिऱ्हाईक कानडी बोलतं. गोव्याचा माणूस चोर्ला घाट चढून येतो तो बहुधा ठोक घ्यायला. टिळकवाडीतली नोकरदार बाई मात्र पाव किलो भेंडी निवडून घेते आणि रोज येते.

बसस्थानकाजवळ धंदा असेल तर बांधून तयार, हातात धरून नेण्यासारखा माल ठेवा. घासाघीस करत बसायला तिथे कुणाला वेळ नसतो. वस्तीत बसणार असाल तर थोडा थोडा पण रोज ताजा. खडे बाजाराच्या गर्दीत भाडं जास्त म्हणून नवखा दबतो, पण खरी अडचण भाड्याची नसते. तिथे एकाच मालाची दहा दुकानं शेजारी शेजारी असतात, म्हणून विविधता ठेवावी लागते, म्हणजे माल जास्त अडकतो.

भाषेचं लगेच सांगून टाकतो. कानडी आकडे आलेच पाहिजेत. हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु, नलवत्तु, ऐवत्तु, नूरु: दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, शंभर. "एष्ट री?" असं विचारणाऱ्याला बोटं दाखवून भाव सांगितला तर तो पुढच्या गाडीवर जातो. अक्का, अण्णा ही हाक दोन्हीकडे चालते.

खरेदी: पेंडी, दहा किलो आणि क्विंटल

भाजीचा ठोक सौदा पहाटे उरकतो. कडोली, सांबरा, उचगाव, येळ्ळूर या बाजूंचा माल येतो आणि त्यातला बराचसा गोव्याच्या गाड्यांत भरला जातो. म्हणून इथला भाव निम्मा गोव्यात ठरतो. चतुर्थीच्या आधी किंवा नाताळात तिकडची मागणी वाढली की इथे मेथी हाताला लागत नाही. घाट बंद पडला की तोच माल इथे साचतो आणि दुपारी कवडीमोल होतो. सकाळी बाजारात शिरल्यावर पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. गोव्याच्या गाड्या किती लागल्यात ते बघा.

मापं तीन. पालेभाजी शंभर पेंड्यांच्या भावाने, वांगी-भेंडी-मिरचीसारखी फळभाजी दहा किलोच्या भावाने, कांदा-बटाटा क्विंटलने. नवा माणूस इथेच फसतो, कारण तो शंभराने भागतो आणि थांबतो. समजा मेथी शंभर पेंडी 800 रुपयांना घेतली. हमाली आणि रिक्षा मिळून 40. झाले 840. आता पेंड्या मोजा. दोन-चार तळाशी दबून काळ्या पडलेल्या, दोन-चार इतक्या बारीक की दोनची एक करून बांधावी लागते, आणि संध्याकाळपर्यंत काही मरगळतात. विकण्यासारख्या 88 उरल्या धरा. म्हणजे एक पेंडी आठ रुपयांना पडली नाही, साडेनऊला पडली. दहाला विकली तर दिवसभर उन्हात बसून 40 रुपये. सकाळी पंधराला एक, अकरानंतर पंचवीसला दोन, चारनंतर मिळेल त्या भावाला, असा उतरता भाव ठेवला तरच काही सुटतं. पेंडी घेताना वरची बघू नका. ढिगात हात घालून मधली ओढा. मध्ये गरम लागली की माल रात्रभर दाबून ठेवलेला आहे असं समजा.

एकाच अडत्याकडून रोज घेतलं की तो दोन दिवसांची सवड देतो. ही सवड म्हणजे बिनव्याजी भांडवल, पण तिची किंमत भावात लागलेली असते. आठवड्यातून एकदा दुसऱ्या गाळ्यावर भाव विचारून यावा. अडत्याला राग येत नाही; उलट तो सांभाळून भाव लावतो.

किराण्याचं गणित वेगळं. साखर, तेल, तांदूळ गिऱ्हाईक दुकानात आणतात, पण त्यांत सुटतं अगदी थोडं. सुटतं ते मसाल्यात, सुक्या खोबऱ्यात, सुट्या शेंगदाण्यात, मिरचीत. या भागात संकेश्वरी आणि ब्याडगी दोन्ही मिरच्या विचारल्या जातात; तिखटासाठी एक, रंगासाठी दुसरी. उन्हाळ्यात बायका वर्षाची चटणी करतात तेव्हा मिरचीबरोबर धणे, खसखस, दगडफूल असा अख्खा बेत मांडणारा दुकानदार महिनाभरात चार महिन्यांचं कमावतो. एजंट "दहावर एक फुकट" म्हणत बिस्किटाचे खोके टाकून जातो, तेव्हा एकच विचारा: हे माझ्याकडे किती दिवसांत संपेल? तीस दिवसांच्या पुढचं उत्तर आलं तर फुकटचा पुडा महाग पडला.

एका दिवसाचा हिशेब

भाजीच्या गाडीचा हा नमुना आकड्यांत मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे घालून बघा.

सकाळी 3000 चा माल. हमाली, रिक्षा, पिशव्या, बाजाराची पावती मिळून 200. एकूण 3200 गेले. मालावर चाळीस टक्के चढवून भाव लावला, म्हणजे सगळं विकलं तर 4200. पण सुकणं, सडणं, वजनातली घट मिळून दहावा हिस्सा गेला: 420 कमी. गिऱ्हाइकाला कडीपत्ता, चार मिरच्या वरून घातल्या: 60. संध्याकाळी उरलेलं निम्म्या भावात काढलं: आणखी 100 गेले. हातात आले 3620. उरले 420.

ही मजुरी ठीक आहे. आता त्यात ओळखीच्या तिघांनी "उद्या देतो" म्हणून 300 ची भाजी नेली, तर घरी नेण्यासारखे 120 राहिले. किंवा उधारी दिली नाही, पण सकाळी 2700 हातात घेऊन संध्याकाळी 3000 द्यायच्या बोलीवर पैसे उचलले होते, तरी तेच 120. दोन्ही एकाच दिवशी झालं तर दुसऱ्या दिवशी 3000 चा माल भरता येत नाही. 2800 चा भरावा लागतो. गाडी बंद पडते ती अशी, रोज थोडी थोडी. म्हणून वहीत तीनच रकाने ठेवा: सकाळी घातलेले, संध्याकाळी आलेले, बाहेर राहिलेले. तिसरा रकाना सलग तीन दिवस वाढला तर चौथ्या दिवशी उधारी बंद.

स्वतःच्या मजुरीचं काय, असं दुकानदार विचारत नाही आणि तिथेच भुलतो. तुम्ही आणि घरची बाई मिळून बारा तास बसता. दुसऱ्याच्या दुकानात तेवढं बसून जे मिळालं असतं ते वजा करून जे उरेल तो नफा.

जागा, आणि जागेचा कायदा

रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी केंद्राचा 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. मनपाची किंवा पोलिसांची गाडी आली की बुट्टी उचलून पळायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. त्या कायद्यात काय आहे ते माहीत असेल तर निदान बोलता येतं.

शहरातल्या फेरीवाल्यांचं सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा तरी झालं पाहिजे. सर्वेक्षणात नाव आलेल्यांना विक्रीचं प्रमाणपत्र मिळतं. जागा ठरवणाऱ्या शहर पथविक्री समितीत किमान चाळीस टक्के सदस्य स्वतः फेरीवाले असावे लागतात. हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत द्यावी लागते. नाशवंत माल मागितल्याच्या दिवशीच आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करायचा असतो, दंड भरून. म्हणून गाडी उचलली तर भांडण करू नका, यादी मागा. यादी नसेल तर वीस किलो टोमॅटोचे परत येताना बारा होतात आणि दाद कुठे मागणार?

प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. विकणारा स्वतः किंवा घरचं माणूस बसलं पाहिजे. विक्रेता वारला तर बायकोला किंवा नवऱ्याला, नाहीतर अवलंबून असलेल्या मुलाला त्या जागेवर बसता येतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

दुकान भाड्याने घेणार असाल तर माझा ठोकताळा असा: महिन्याचं भाडं पाच दिवसांच्या निव्वळ नफ्यातून निघालं पाहिजे. आठ दिवस लागत असतील तर जागा सोडा, कितीही कोपऱ्यावरची असली तरी. अनामत रक्कम करारात लिहून घ्या. तोंडी दिलेली अनामत परत मिळवताना नाती तुटतात.

परवाने आणि पाटी

महानगरपालिकेचा किंवा नगरपालिकेचा व्यवसाय परवाना, कामगार खात्याकडची दुकान नोंदणी, खाण्याचं काही विकत असाल तर एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, आणि वजनकाट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. तारीख काट्यावरच चिकटवून ठेवा. फॉर्म बहुतेक कानडीत आणि इंग्रजीत येतात. न समजता सही करू नका, शेजारच्या कॉलेजातल्या पोराला दहा मिनिटं बसवा. पातळ प्लास्टिक पिशव्या ठेवू नका. कर्नाटकात त्यांच्यावर 2016 पासून बंदी आहे आणि दंडाची पावती एका दिवसाच्या कमाईपेक्षा मोठी असते.

पाटीचा विषय आपल्याकडे नाजूक, म्हणून नियम नेमका सांगतो. कर्नाटकाच्या 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे दुकानाच्या पाटीवर साठ टक्के मजकूर कानडीत हवा आणि तो वरच्या अर्ध्या भागात हवा. उरलेल्या जागेत मराठी लिहायला त्या नियमाची आडकाठी नाही. नवी पाटी रंगवताना पेंटरला टेप धरून मोजायला लावा. ज्यांनी अंदाजाने रंगवल्या त्यांना दोनदा खर्च पडला. मनात काय आहे ते मतपेटीत आणि मोर्च्यात दाखवता येतं. पाटीपायी आठवडाभर शटर खाली राहिलं तर पैसा बंद दुकानात अडकतो.

यूपीआय, जीएसटी आणि पलीकडचं राज्य

जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या. भाजीवाले, दूधवालेही त्यात सापडले. घाबरून कित्येकांनी स्कॅनर काढून "फक्त रोख" असे कागद चिकटवले. नंतर मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी जुनी वसुली करणार नाही आणि करमाफ मालाच्या नोटिसा मागे घेऊ असं सांगितलं, तेव्हा वातावरण निवळलं. स्कॅनर काढणं हे चुकीचं औषध होतं. तरुण गिऱ्हाईक खिशात पैसेच ठेवत नाही.

नियम असा. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. म्हणजे रोज साधारण अकरा हजार. ताजी भाजी, फळं, दूध, सुटं धान्य यांवर कर नाही, आणि फक्त असाच माल विकत असाल तर नोंदणीची गरज नाही. पण किराणा दुकानात तांदळाबरोबर साबणही असतो, आणि उलाढाल मोजताना करमाफ तांदूळही धरतात. बरेच जण इथे गाफील राहतात.

मग करायचं काय? दुकानाच्या स्कॅनरचं खातं वेगळं ठेवा. भिशीचे पैसे, मेहुण्याने परत केलेले पैसे, घरभाडं यातलं काही त्या खात्यात येऊ देऊ नका. खरेदीच्या चिठ्ठ्या महिन्याच्या पिशवीत टाका. नोटीस आलीच तर कशाची विक्री होती ते दाखवायला हीच पिशवी कामाला येते. दीड कोटीच्या आतल्या व्यापाऱ्याला एक टक्का भरून सुटायची कंपोझिशन योजना आहे, पण तीत परराज्यात माल विकता येत नाही.

आणि आपल्याकडे परराज्य म्हणजे अर्ध्या तासावर. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. शिनोळीच्या दुकानात तुम्ही टेम्पोने फरसाण पोचवलं तर ती आंतरराज्य विक्री. तोच शिनोळीकर गल्ल्यावर येऊन रोख देऊन पिशवी घेऊन गेला आणि बिलावर पत्ता लिहिला नाही, तर ती इथलीच विक्री. पन्नास हजारांवरचा करपात्र माल सीमेपलीकडे न्यायचा तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद. सीमेवरच्या कोगनोळीजवळ गाडी अडली की हे कळून उपयोग नाही.

भांडवल कुठून आणायचं

रोजच्या व्याजाचा पैसा, कानडीत ज्याला मीटर बड्डी म्हणतात, तो वरच्या हिशेबात दिसलाच. त्याऐवजी पीएम स्वनिधी, फेरीवाल्यांसाठीची केंद्राची कर्जयोजना. 2020 साली सुरू झालेली ही योजना 2030 च्या मार्चपर्यंत वाढवली आहे. पहिलं कर्ज आता 15,000 पर्यंत, ते फेडलं की 25,000 आणि मग 50,000. तारण नाही. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के सवलत, वेळेआधी फेडल्यास दंड नाही. पंधरा हजारांवर बारा टक्क्यांनी वर्षभराचं व्याज हप्त्याहप्त्याने हजाराच्या आसपास येतं. रोजच्या व्याजवाल्याला तेवढं तुम्ही चार दिवसांत देता. विक्रीचं प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र नसेल तर नगरपालिकेचं शिफारसपत्र लागतं. दुकानवाल्यांना केंद्राच्या मुद्रा योजनेतलं शिशु नावाचं कर्ज 50,000 पर्यंत.

बेळगावात मात्र खरं भांडवल पिग्मीतून, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवीतून उभं राहतं. सोसायटीचा माणूस संध्याकाळी दुकानापाशी येतो, शंभराची नोट घेतो, मशीनमधून पावती काढतो. व्याज किरकोळ, मुदतीआधी काढलं तर तेही कापतात. तरी गल्ल्यातून पैसा रोज बाजूला पडतो, हा तिचा फायदा कुठल्याही योजनेत नाही. पावती तिथल्या तिथे घ्या आणि महिन्यातून एकदा कार्यालयात जाऊन पुस्तकावर नोंद करून आणा. आणखी एक: बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेच्या, सौहार्द सोसायटीच्या ठेवीला तो नसतो. पिग्मी सोसायटीत चालेल, पण वर्षाने जमलेली रक्कम तिथेच जास्त व्याजाच्या मोहाने गुंतवू नका. उचला आणि मालात घाला.

उधारी द्यायची तर

"उधार मागून लाजवू नये" ही पाटी कुणी वाचत नाही. वस्तीतल्या दुकानाला उधारी चुकत नाही. ती कुणाला आणि किती हे ठरवता येतं. ज्याचा पगार महिन्याला येतो त्याला महिन्याचं खातं. रोजंदारीवाल्याला आठवड्याचं, बाजाराच्या दिवशी चुकतं करायच्या बोलीवर. प्रत्येकाची मर्यादा त्याच्यासमोर वहीच्या पहिल्या ओळीत लिहायची.

मागायची पद्धत महत्त्वाची. गल्लीत चार जणांसमोर मागितलं तर पैसे येतात, गिऱ्हाईक जातं. माल देतानाच मागावं.

"काकू, साखर दोन किलो ना? मागचे सहाशे चाळीस आहेत, त्यातले निदान चारशे आज मांडू का?"

"तीनशे मांड रे. उरलेले पगाराला."

"बरं, तीनशे. सही करा इथे."

सही घेतली की पुढच्या वेळी आकड्यावरून वाद होत नाही. आणि तीनशे आले तर आले. सगळे एकदम मागणारा बहुधा काहीच घेऊन जात नाही.

बंदचे दिवस आणि हंगाम

या भागात धंदा करणाऱ्याने पंचांगाबरोबर सीमाप्रश्नाचंही कॅलेंडर ठेवावं. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. 2022 च्या डिसेंबरात आणि पुन्हा 2025 च्या फेब्रुवारीत दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या, तेव्हा चंदगडचं गिऱ्हाईक आलंच नाही. असं काही कानावर आलं की नाशवंत माल निम्माच भरा आणि कांदा, बटाटा, लसूण यांच्यावर दिवस काढा.

हंगाम उलट बाजूने. गणपतीच्या दहा-अकरा दिवसांत नारळ, फळं, फुलं, खवा. दिवाळीत पोरांच्या किल्ल्यांवर मांडायची मातीची चित्रं आणि पणत्या. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमांना भंडारा, खण, नारळ. गावोगावच्या लक्ष्मीयात्रा तर मोठ्याच: बऱ्याच वर्षांनी एकदा भरतात आणि प्रत्येक घरी पाहुणे. ज्या गावात यात्रा आहे तिथल्या पंचांना दोन महिने आधी भेटून स्टॉलची जागा पक्की करा आणि पावती घ्या. हंगामी माल घेताना ठोकवाल्याशी परतीची बोली करून ठेवा. नारळ, कापूर, पणत्या शिल्लक राहिल्या तर तो घेतो. फुलं आणि खवा कुणी घेत नाही, म्हणून ते शेवटच्या दिवशी रोजच्यापेक्षा कमीच उचला.